गाडीचा ऑक्सिजन सेन्सर घरीच कसा बदलायचा? आधी तपासा, मगच विकत घ्या

येलदरी (ता. जिंतूर) : चारचाकीच्या मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की आपल्या भागात दोनच प्रकार होतात. एक तर माणूस दिव्याकडे दुर्लक्ष करून वर्षभर गाडी पळवतो, नाही तर जो कोणी जो पार्ट सांगेल तो टाकून मोकळा होतो. दोन्हीत पैसा जातो. या दिव्यामागे बऱ्याच वेळा ज्याचं नाव निघतं तो म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. हा सेन्सर बदलणं अवघड नाही. ट्रॅक्टरचं ऑइल आणि फिल्टर स्वतः बदलणाऱ्या माणसाला हे काम घरी तासाभरात जमतं. अवघड आहे ते खरंच सेन्सर खराब झाला का, हे ओळखणं.

हे अनुभवाने सांगतोय. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा दिवा लागला होता. स्कॅनर लावला, सेन्सरचा कोड निघाला, नवीन सेन्सर टाकला. ऐन पेरणीच्या तोंडावर खताच्या पैशातून तो खर्च केला. चार दिवसांनी दिवा परत लागला. आखाड्यावर बोनेट उघडून निवांत बघितलं तर सेन्सरच्या वायरी उंदराने कुरतडल्या होत्या. दहा रुपयांच्या टेप-वायरचं काम होतं. पुढे दोन वर्षांनी दुसरा सेन्सर खरोखर गेला, तेव्हा आधी मीटरने तपासलं, मग पार्ट आणला आणि घरच्या अंगणातच बसवला. त्या दोन अनुभवांतून जे शिकलो ते इथे क्रमाने देत आहे. ही माहिती पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेल गाड्यांची व्यवस्था वेगळी असते.

ऑक्सिजन सेन्सर काय काम करतो?

इंजिनात पेट्रोल आणि हवा ठराविक प्रमाणात जळावी लागते. पेट्रोलसाठी हे प्रमाण वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा असं असतं. हे प्रमाण बरोबर आहे का हे जळून बाहेर पडणाऱ्या धुरावरून कळतं. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरला ते बघतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला म्हणजे ईसीएमला कळवतो. ईसीएम त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतं. कालव्यावरचा पाटकरी शेवटच्या चारीला पाणी किती पोचलं ते बघून वरचं दार कमी-जास्त करायला सांगतो, तसंच हे काम आहे. पाटकऱ्यानेच चुकीचा निरोप दिला तर एकाचं वावर तुंबतं आणि दुसऱ्याचं कोरडं राहतं.

सेन्सरच्या टोकात झिर्कोनिया नावाची सिरॅमिक असते. ती साधारण ३०० अंशांच्या पुढे तापली की काम करू लागते. लवकर तापावी म्हणून आत छोटा हीटर असतो. त्यामुळे बहुतेक सेन्सरला चार वायरी दिसतात. दोन हीटरच्या, एक सिग्नलची आणि एक अर्थची. धुरात ऑक्सिजन जास्त असेल (पेट्रोल कमी पडतंय) तर सेन्सर ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवतो. ऑक्सिजन कमी असेल (पेट्रोल जास्त होतंय) तर ०.९ व्होल्टच्या आसपास.

आपल्या गाडीत तो आला कसा?

१९७६ मध्ये व्होल्वो कंपनीच्या गाडीत बॉश कंपनीचा असा सेन्सर पहिल्यांदा बसवला गेला. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल कारला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. सायलेन्सरच्या पाइपातला हा डबा विषारी वायू कमी करतो. पुढे बीएस-४ हे नियम एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ हे एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. नियम कडक होत गेले तशी या सेन्सरची गरज वाढत गेली. २०२० नंतरच्या बहुतेक मोटारसायकलींनाही आता इंजेक्शन आहे आणि त्यासोबत हा सेन्सरही आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या पेट्रोल कारमध्ये साधारणपणे दोन सेन्सर असतात. पहिला कन्व्हर्टरच्या आधी, इंजिनाजवळ असतो. तो पेट्रोलचं प्रमाण ठरवायला मदत करतो. दुसरा कन्व्हर्टरच्या नंतर असतो. कन्व्हर्टर नीट काम करतो का, यावर तो लक्ष ठेवतो. स्कॅनरवर पहिल्याला 'बँक १ सेन्सर १' आणि दुसऱ्याला 'बँक १ सेन्सर २' म्हणतात. आपल्याकडच्या तीन आणि चार सिलिंडरच्या गाड्यांना बहुतेक एकच बँक असते.

लक्षणं काय दिसतात?

- इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहतो.
- ॲव्हरेज अचानक कमी होतं.
- उभ्या गाडीचं इंजिन वर-खाली होतं, म्हणजे आयडलिंग स्थिर राहत नाही.
- सायलेन्सरला काळी काजळी धरते, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो.
- स्पार्क प्लग काळे निघतात.
- पीयूसी तपासणीत गाडी नापास होते.

पण ही सगळी लक्षणं तुंबलेला एअर फिल्टर, खराब प्लग, फाटलेला व्हॅक्यूम पाइप, गळका इंजेक्टर किंवा फुटका सायलेन्सर यांचीही असतात. आपल्याकडे धुळीने एअर फिल्टर लवकर तुंबतो. पहिल्यांदा तोच काढून बघा.

ॲव्हरेजच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरलं आणि दिवा लागलेला नाही, तर लगेच सेन्सरवर संशय घेऊ नका.

दिवा लागून न राहता उघडझाप करत असेल तर मात्र गाडी चालवू नका. याचा अर्थ बहुतेक वेळा एखाद्या सिलिंडरला आग लागत नाही आणि न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जातंय. त्यात कन्व्हर्टर तापून खराब होतो आणि तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग आहे.

कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही?

गावात स्कॅनर मिळत नाही, त्यासाठी जिंतूर नाही तर परभणी गाठावं लागतं. पण ब्लूटूथवर मोबाइलला जोडायचा छोटा ओबीडी स्कॅनर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. चार घरांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. स्टेअरिंगच्या खाली त्याचं १६ पिनांचं सॉकेट असतं. स्क्रीनवर इंग्रजी पी अक्षर आणि पुढे चार आकडे दिसतात. मुख्य कोड असे :

- पी ०१३१ : सेन्सर १ चा व्होल्ट कमी
- पी ०१३२ : सेन्सर १ चा व्होल्ट जास्त
- पी ०१३३ : सेन्सर १ मंद झाला
- पी ०१३४ : सेन्सर १ कडून हालचालच नाही
- पी ०१३५ : सेन्सर १ च्या हीटरच्या लाइनमध्ये दोष
- पी ०१४१ : सेन्सर २ च्या हीटरच्या लाइनमध्ये दोष
- पी ०१७१ : मिश्रणात हवा जास्त
- पी ०१७२ : मिश्रणात पेट्रोल जास्त

इथेच फसगत होते. 'हीटरच्या लाइनमध्ये दोष' याचा अर्थ हीटर गेला असा नाही. लाइन म्हणजे फ्यूज, वायर, कनेक्टर आणि हीटर हे सगळं आलं. तसंच पी ०१७१ आला म्हणून सेन्सर खराब असं नाही. सेन्सर बरोबर निरोप देत असेल आणि खरोखरच कुठून तरी जास्तीची हवा शिरत असेल. कोड तक्रार कुठे आहे ते सांगतो, कोणता पार्ट बदला ते सांगत नाही.

विकत घेण्याआधी या सहा तपासण्या करा

१. कोडचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग कोड पुसा आणि दोन-तीन दिवस गाडी चालवा. परत आला तरच पुढे जा.

२. वायर बघा. इंजिन थंड असताना सेन्सरपासून कनेक्टरपर्यंत पूर्ण वायर हाताने चाचपा. उंदराचे दात, वितळलेलं आवरण, सायलेन्सरला टेकलेली वायर, कनेक्टरमध्ये हिरवट गंज किंवा पाणी दिसतं का बघा. गोठ्याजवळ, कापूस-सोयाबीन साठवलेल्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदराचा त्रास नेहमीचा आहे. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर काही किटमध्ये सेन्सरच्या सिग्नल वायरला जोड दिलेला असतो. तो जोड सैल झाला नाही ना, ते बघा.

३. फ्यूज बघा. दोन्ही सेन्सरच्या हीटरचे कोड एकदमच आले असतील तर दोन्ही हीटर एकाच दिवशी जळण्याची शक्यता फार कमी. अशा वेळी पहिला संशय फ्यूजवर आणि मग वायरीवर घ्या.

४. हीटर मोजा. इंजिन थंड असताना कनेक्टर सोडवा. सेन्सरच्या बाजूच्या दोन सारख्या रंगाच्या वायरी बहुतेक हीटरच्या असतात. मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्या दोन पिना मोजा. साधारण २ ते १५ ओहमच्या दरम्यान आकडा आला तर हीटर शाबूत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल, म्हणजे लाइन तुटलेली दिसत असेल, तर हीटर गेला आणि सेन्सर बदलावाच लागेल. नक्की आकडा गाडीप्रमाणे वेगळा असतो.

५. गाडीकडून करंट येतो का बघा. कनेक्टरच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे गाडीच्या वायरीच्या बाजूला, इंजिन चालू असताना एका पिनेवर बॅटरीइतका म्हणजे १२ व्होल्टच्या पुढे दाब मिळाला पाहिजे. तो मिळत नसेल तर नवीन सेन्सर टाकूनही उपयोग नाही.

६. सायलेन्सरची गळती बघा. सेन्सरच्या आधी पाइपाला किंवा गॅस्केटला चीर असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर चुकीचं दाखवतो. सकाळी थंड इंजिन चालू करताना फट-फट आवाज येतो का आणि जोडाजवळ काळा डाग आहे का, ते बघा.

सेन्सर कामाचा आहे का हे चालत्या इंजिनावरही कळतं. गाडी १५-२० मिनिटं फिरवून गरम करा. मग स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये इंजिन २,००० ते २,५०० फेऱ्यांवर ठेवून सेन्सर १ चा व्होल्ट बघा. तो ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वर-खाली नाचला पाहिजे. एकाच आकड्यावर अडकला किंवा फार हळू बदलला तर संशय खरा. सेन्सर २ मात्र बराचसा स्थिर असावा. तो पहिल्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टरचं काम संपत आलं असण्याची शक्यता आहे. काही नव्या गाड्यांत वाइडबँड प्रकारचा पहिला सेन्सर असतो. त्याला हा व्होल्टचा हिशोब लागू होत नाही.

सेन्सर घेताना

पुढचा आणि मागचा सेन्सर दिसायला सारखे असले तरी एकच नसतात. वायरीची लांबी आणि कनेक्टर वेगळा असतो. गाडीचा चेसिस नंबर सांगून किंवा जुन्या सेन्सरवरचा नंबर दाखवूनच घ्या. बॉश, डेन्सो, एनटीके या सेन्सर बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या आहेत. बिल घ्या. इलेक्ट्रिकचा पार्ट एकदा बसवला की दुकानदार बहुतेक परत घेत नाही, म्हणून वरच्या तपासण्या आधी करायच्या.

वायर तोडून जोडायचा 'युनिव्हर्सल' सेन्सर स्वस्त मिळतो. पण बऱ्याच सेन्सरमध्ये तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीतूनच आत जाते, म्हणून त्या जोडाला डाख देऊन चालत नाही. पहिल्यांदा काम करणाऱ्याने कनेक्टरसह येणारा सेन्सरच घ्यावा.

लागणारं सामान

बहुतेक कारच्या सेन्सरला २२ चा पाना लागतो. वायर मध्ये येते म्हणून एका बाजूने कापलेला खास सेन्सर सॉकेट मिळतो. तो नसेल तर २२ चा रिंग पाना कनेक्टरवरून घालता येतो का बघा. साध्या फिक्स पान्याने नट घसरून गोल होण्याची भीती असते. शिवाय गंज सोडवायचा स्प्रे, १० चा पाना, तारेचा ब्रश, जाड हातमोजे, चष्मा आणि मल्टिमीटर. मागच्या सेन्सरसाठी जॅक आणि जॅक स्टँड.

बदलायची पद्धत

१. आदल्या संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर सेन्सरच्या बुडाला, आट्यांवर गंजाचा स्प्रे मारून ठेवा.

२. गाडी सपाट, कडक जमिनीवर, मोकळ्या हवेत उभी करा. काळ्या मातीत जॅक रुततो, हे सगळ्यांना माहीत आहे. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणूस दगावतो.

३. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. पाइप कोमट असला की आटे लवकर सुटतात. लाल तापलेल्या पाइपाजवळ हात घालू नका. सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. गॅसचा वास येत असेल तर काम तिथेच थांबवा.

४. १० च्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काही गाड्यांत म्युझिक सिस्टिम नंतर कोड मागते, तो आधी लिहून ठेवा.

५. पुढचा सेन्सर बहुतेक गाड्यांत बोनेट उघडल्यावर वरून दिसतो. मागच्यासाठी गाडी उचलावी लागते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक स्टँड लावूनच जा. विटांचा भरवसा धरू नका, त्या दाबाने फुटतात.

६. कनेक्टरचं लॉक दाबून तो सोडवा. वायर ओढू नका. वायर कुठून कशी गेली आहे त्याचा फोटो काढा.

७. पाना लावून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. झटका देऊ नका, एकसारखा जोर द्या. सुटत नसेल तर थोडं घट्ट करून परत सोडवा, परत स्प्रे मारा, थांबा. मोटारसायकलचे सेन्सर लहान असतात आणि पाना वेगळा लागतो, तिथे जोर आणखी जपून लावा.

८. जुन्या सेन्सरचं टोक नीट बघा. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरी भुकटी असेल तर बहुतेक सिलिकॉन किंवा जळालेलं ऑइल. टोकाने दिलेली ही माहिती सोडून नवीन सेन्सर लावला तर तोही लवकर जाईल. जुना सेन्सर पेट्रोलने धुऊन परत लावायचा प्रयोग करू नका, त्याने हीटर किंवा सिरॅमिक सुधारत नाही.

९. पाइपातले आटे ब्रशने हलके साफ करा. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुतेक वेळा कंपनीनेच ग्रीससारखी पेस्ट लावलेली असते. तिला पुसू नका. टोकाला पेस्ट, ऑइल किंवा बोट लागू देऊ नका. सेन्सर हातातून पडला तर आतली सिरॅमिक तडकू शकते.

१०. सेन्सर आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा. हाताने जात नसेल तर तो तिरपा लागलाय. काढून परत लावा. पान्याने तिरपा दामटला तर पाइपातले आटे खराब होतात. शेवटी टॉर्क पाना असेल तर डब्यावर दिलेल्या जोराने घट्ट करा. कारच्या सेन्सरसाठी तो साधारण ४० ते ४५ न्यूटन मीटर असतो. टॉर्क पाना नसेल आणि वॉशर नवीन असेल तर हाताने घट्ट झाल्यावर साधारण अर्धा ते पाऊण फेरा पुरतो.

११. वायर फोटोप्रमाणेच न्या, क्लिपमध्ये बसवा. ती पाइपाला किंवा फिरणाऱ्या भागाला टेकता कामा नये. कनेक्टर 'टक' आवाज येईपर्यंत लावा. बॅटरी जोडा.

१२. इंजिन चालू करा. सेन्सरच्या बुडातून धूर येतो का ऐका, बघा. स्प्रेचा थोडा धूर सुरुवातीला निघतो, तो जळून जातो. कोड पुसा. बॅटरी काढल्यामुळे थोडा वेळ आयडलिंग हललं तर घाबरू नका. १५-२० किलोमीटर फिरवून परत स्कॅन करा. आठवडाभरात कोड आला नाही तर काम झालं.

हे काम घरी कधी करू नये?

गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या. नट गोल झाला असेल, सेन्सर अर्ध्यात अडकला असेल किंवा पाइपातले आटे गेले असतील तर जास्त जोर न लावता मेकॅनिककडे जा. तो पाइप तापवून सेन्सर काढतो आणि आटे नव्याने पाडतो. सीएनजीची गळती किंवा किटचं काम असेल तर अधिकृत किटवाल्याशिवाय कुणाचाही हात लागू देऊ नका.

सेन्सर जास्त टिकावा म्हणून

हीटरवाला चांगला सेन्सर लाखभर किलोमीटर आणि त्याहून जास्तही चालतो. त्यासाठी इंजिन ऑइल जाळत असेल तर आधी ते दुरुस्त करा. गॅस्केटला साधा सिलिकॉन न लावता 'सेन्सर सेफ' लिहिलेला वापरा. लांबून आलेली तापलेली गाडी लगेच ओढ्याच्या पाण्यात घालू नका आणि खालून पाण्याचा फवारा मारू नका, सिरॅमिक तडकते. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर आठ दिवसांतून एकदा बोनेट उघडून उंदराच्या लेंड्या आणि काड्या-कापूस साफ करा.

आपल्याकडे गाडी हौसेपेक्षा अडीअडचणीसाठी असते. रात्री-अपरात्री पेशंट परभणीला न्यायचा असतो, बियाणं आणायचं असतं. सेन्सर बिघडला म्हणून गाडी लगेच बंद पडत नाही, पण दुर्लक्ष केलं तर रोज थोडं पेट्रोल जास्त जाळते आणि शेवटी कन्व्हर्टरचा मोठा खर्च अंगावर येतो. म्हणून दिवा लागला की आधी वायर, फ्यूज आणि मीटर. पाकीट त्यानंतर काढा.